दोन दातांवरचा सॅक्सोफोन

"आजी, पुढच्या या दोन दातांनी तुम्ही करता तरी काय? सुपाऱ्या फोडता?"

डॉक्टरीणबाईंची दोन बोटं, एक आरसा आणि कापसाचा बोळा एवढा ऐवज तोंडात असताना उत्तर द्यायची सोय नव्हती. सगळं बाहेर निघाल्यावर मी म्हटलं, "सॅक्सोफोन वाजवते."

पोरगी हसली. सुती साडीतल्या, सत्तरी ओलांडलेल्या बाईनं असं सांगितलं की लोक हसतात, याची मला सवय आहे. मग तिनं एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि तिचं हसू गेलं. "दोन्ही काढावे लागतील. स्क्रूचे दात बसवावेत तर हाडही उरलेलं नाही. दोन दातांची कवळी करू."

"मग मी वाजवू कशी?"

"अहो आजी, आता या वयात..."

"वाक्य पुरं करू नकोस," मी म्हटलं. "माझे दात अजून तोंडात आहेत."

बाहेरच्यांना यातली गोम कळायची नाही, म्हणून सांगते. सॅक्सोफोन दिसायला पितळेचा, पण आवाज निघतो तो वेताच्या एका पातळ चिपेतून. तिला रीड म्हणतात. ती खालच्या ओठावर टेकते आणि वरचे पुढचे दोन दात माउथपीसवर रोवून बसतात. वाद्याचं वजन गळ्यातला पट्टा घेतो, पण सूर तोलतात ते हे दोन दात. दात घसरू नयेत म्हणून आम्ही माउथपीसवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवतो. चाळीस-पन्नास वर्षं वाजवलेल्या माणसाच्या खालच्या ओठाच्या आत एक घट्टा पडलेला असतो. नांगर धरणाऱ्याचा हाताला, आमचा ओठाला. तेव्हा दात गेले म्हणजे माझं काय गेलं, ते लक्षात घ्या. दर शनिवारी गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीत चार पोरांबरोबर मी वाजवत होते. पाहुणे द्राक्षाच्या मांडवाखाली वाइन पीत बसत आणि ही म्हातारी पडते की काय, या काळजीनं माझ्याकडे बघत. मला ते फार आवडायचं.

आता मुळात नाशिकजवळच्या मखमलाबादच्या माळ्याच्या पोरीच्या हातात हे वाद्य आलंच कसं?

आमची शेवंती आणि गुलाब देवळाली कॅम्पातल्या एका क्लबात जायचे. तिथे दर शनिवारी नाच असे. फुलं पोचवायला मी सायकलवर जायची. वय सोळा, अक्कल त्याहून बरीच कमी. एका दुपारी हॉलमध्ये बँडची तालीम चालली होती. पांढरा शर्ट घातलेला एक सावळा, उंच माणूस उभा राहिला आणि त्यानं त्या वाकड्या पितळी नळीतून असा काही आवाज काढला, की फुलांची पाटी माझ्या डोक्यावरच राहिली. ते ऑल्विन सर. मूळ गोव्याचे, पण जन्म इगतपुरीच्या रेल्वे कॉलनीतला. पियानोवर लेस्ली अंकल होते. बँड त्यांचा, आणि दोघांची मैत्री लहानपणापासूनची.

मी रोज काहीतरी निमित्त काढून जायला लागले. महिनाभरानं सर म्हणाले, "काय गो, फुलं कमी नि तूच जास्त येते. फुंकून बघते?" मी फुंकलं. हंबरडा फुटला. लेस्ली अंकलनी पियानोवरून मान वर करून विचारलं, "ऑल्विन, म्हैस आत कुणी सोडली?"

घरी मी सांगितलं, कॅम्पात टायपिंग शिकते. ही थाप मला फार हुशारीची वाटली होती. दोन महिन्यांनी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विहिरीवरच्या मोटारीच्या विजेचा अर्ज पुढे टाकला. "टायपिंग शिकती ना तू? हे टाईप करून आण." मी तो क्लबातल्या क्लार्ककडून करून आणला. इतका सुबक झाला, की आठवड्यात निम्मं मखमलाबाद अर्ज घेऊन दारात उभं. वाटणीचे अर्ज, कर्जाचे अर्ज, एकाचा तर बायकोला माहेराहून परत पाठवा असा सासऱ्याला अर्ज. तो क्लार्क मला बघून लपायला लागला. शेवटी अण्णाच सायकलवरून माझ्या मागे आले. "माझ्यासमोर टाईप कर. बघू दे तरी कसं अस्तं ते."

मग काय, रडतरडत हॉलमध्ये नेलं आणि वाजवून दाखवलं. अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. "हे वाजतंय का रडतंय?"

"दोन्ही, अण्णा," सर म्हणाले.

"मग शिकवा. रडायचं तिला शिकवावं लागत नाय. निम्मं काम झालेलंच हाय."

सरांनी मला पहिलं शिकवलं ते स्विंग. कागदावर दोन सूर सारख्या लांबीचे लिहिलेले असतात, वाजवायचे मात्र एक लांब, एक आखूड. मला जमेना. सर म्हणाले, "तू सायकलवर पाटी घेऊन चढावर येते तेव्हा एका पायावर जोर देते, दुसरा नुसता सोबतीला येतो. तसं." त्या दिवसापासून माझा स्विंग मखमलाबादच्या चढावरचा आहे. रात्र चढली की तरुण पोरांसाठी रिदम अँड ब्लूज. त्यात सॅक्सोफोन गुरगुरतो. फुंकता फुंकता घशातही आवाज काढायचा. लग्नानंतर मी हे गुरगुरणं घरी घोटायची. आमचे 'हे' एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाळीवर, दिवसा झोपायचे. म्हणून मी गोधड्यांच्या कपाटात सॅक्सोफोनचं तोंड खुपसून वाजवायची. सासूबाईंनी आठवडाभर कपाटात बोका शोधला. नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. तो कुशीवर वळून म्हणायचा, "आई, मोठा बोका असेल हो, नीट बघा."

बँडमध्ये सॅक्सोफोनच्या खुर्च्या दोन. पहिली सरांची, दुसरी माझी. पहिलीवाल्याला मान असा, की त्याचा एकट्याचा तुकडा आला की तो उठून उभा राहतो. दुसरीवाल्यानं बसून साथ करायची. मी सहा वर्षं बसून साथ केली आणि सहा वर्षं माझी मांडी उठायला शिवशिवत होती. मला वाटायचं, मी सरांपेक्षा जोरात वाजवते, म्हणजे चांगलं वाजवते. त्या काळातली मी आज भेटले तर आधी एक गालफडात देईन आणि मग जवळ घेईन.

माझा दात दुखावला तो नामपूरला. तिथल्या कांद्याच्या एका व्यापाऱ्यानं कुठल्याशा लग्नात आमचा बँड ऐकला आणि पोराच्या वरातीला बोलावलं. आम्ही उतरलो तर शेट माझ्या गळ्यातल्या वाद्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "ताई, हाई काय शे? सनईना मोठा भाऊ शे का?"

"धाकटा म्हणा," मी म्हटलं. "वात्रट आहे."

शेटला बँड वरातीबरोबर रस्त्यानं हवा होता, पियानोसकट. लेस्ली अंकल म्हणाले, पियानोला पाय आहेत पण तो चालत नाही. शेटनं कांद्याच्या ट्रॉलीत गादी टाकली, त्यावर पियानो, त्यामागे आम्ही, आणि पुढे ट्रॅक्टर. नामपूरची पोरं स्विंगवर अशी नाचली, की कॅम्पातल्या साहेबांनी शिकवणी लावावी. वेशीजवळच्या चरात ट्रॉली आदळली आणि माउथपीस वरच्या दातावर बसला. कट्‌कन आवाज आला. दाताचा कोपरा उडाला.

"दात सांभाळ गो!" सर ओरडले. "ओठ जुळतो, दात नाही जुळत!"

मी मात्र तो फुटका कोपरा पुढे कित्येक वर्षं, पैलवानानं फुटका कान मिरवावा तसा, हसून हसून मिरवला.

आता लिहायला जड जाणारी गोष्ट. पुढे वर्षभरात सरांचा आवाज बदलला. त्यांचा सूर धारदार, कापून जाणारा. तो मऊ पडायला लागला. ऊन उतरल्यावर अंगणात बसावं तसा आवाज. छानच होता तो, हे आज म्हणते. तेव्हा मला तो नुसता थकलेला वाटला. दुसऱ्या तासाला सूर खाली बसायचा. आणि आणखी एक. एकट्याचा तुकडा वाजवायच्या आधी सर पाठ फिरवून रुमाल तोंडाला लावायचे. संपला की परत रुमाल. बोलणंही कमी झालं होतं. मी माझ्या अफाट बुद्धीनं हिशेब जुळवला. रुमालात बाटली.

एका संध्याकाळी मी लेस्ली अंकलना गाठून म्हटलं, "सर रुमालाआड पितात. म्हणून सूर उतरतोय. तुमच्या कानावर घातलं, एवढंच."

एवढंच. पुढच्या शनिवारी लेस्ली अंकलनी एकट्याच्या तुकड्याला माझ्याकडे बोट केलं. मी उठून उभी राहिले. सर पहिल्या खुर्चीतून उठले आणि दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसले. माझ्या कागदाचं पान उलटायची वेळ आली तेव्हा त्यांनीच ते उलटलं. दोन महिन्यांनी ते बँड सोडून इगतपुरीला गेले. मी निरोपाला शेवंतीचा मोठा गुच्छ दिला. लोक म्हणाले, शिष्या असावी तर अशी.

आणि मी पुढची सगळी वर्षं उभी राहून वाजवलं.

तर, दात काढले. कवळी आली. डॉक्टरीणबाईंनी कौतुकानं आरसा दाखवला, "बघा, किती छान दिसताय." दिसत होतेच. पण माउथपीसवर दात टेकले की कवळी उडी मारायची. चिकटवायची पेस्ट झाली, कापूस झाला. एकदा तर वायनरीतल्या पोरांसमोर तालमीला कवळी रीडवर आपटून टकटक वाजायला लागली आणि ड्रमवाला म्हणाला, "आजी, ताल मी देतो ना." मी सगळ्यांपेक्षा जास्त हसले. घरी येऊन पेटी पलंगाखाली सरकवली आणि सूनबाईला म्हटलं, "एखाद्या शाळेत देऊन टाक." दोन महिने मी पेटीला हात लावला नाही. तोंडात कवळी असूनही मला पोकळ वाटायचं.

मग एका दुपारी घरी कुणी नसताना म्हटलं, कवळी काढूनच बघू. दोन्ही ओठ आत दुमडले, वरचा रिकाम्या हिरडीवर गादीसारखा घेतला आणि फुंकलं. पहिल्यांदा नुसती हवा. दुसऱ्यांदा शिट्टी. तिसऱ्यांदा सूर आला. मऊ. ऊन उतरलेल्या अंगणासारखा.

हा आवाज मी ओळखत होते. सहा वर्षं ज्यांच्या शेजारी बसले, त्यांच्या शेवटच्या वर्षाचा हा आवाज होता.

मी समोरच्या आरशात बघितलं. माझ्या डाव्या हातात रुमाल होता आणि रुमालात कवळी.

सूनबाई आली तर मला रडताना पाहून तिला वाटलं, दात दुखतोय. मी म्हटलं, "ते दोन दात आहेत कुठे दुखायला?"

चौकशी केली, तर सर हयात होते. नव्वदी पार, मुलीकडे, आयरीनकडे, इगतपुरीतच. मी गेले. व्हरांड्यात रुळांकडे तोंड करून खुर्चीत बसलेले, पांढरा शर्ट तसाच. मी तोंड उघडून दाखवलं. ते एवढे हसले की त्यांच्या हिरड्या दिसल्या. एकही दात नाही, आणि कवळीचं सोंगही आता सोडलेलं. "आलीस का माझ्या क्लबात!"

दर गुरुवारी शिकवणी सुरू झाली. दुमडलेल्या ओठांना दम टिकत नाही, लगेच थरथरतात. तो दम कमवायचा तर लांब सूर धरायचा. इगतपुरीला घाट चढून आलेल्या मालगाड्या समोरून रांगत जातात. सर म्हणायचे, "डबे मोज. सूर तुटता नये." पहिल्या गुरुवारी नऊ डबे झाले. चौथ्या गुरुवारी सव्वीस. माझा सूर परत येत होता, आणि लेस्ली अंकलकडे केलेल्या चहाडीची कबुली मी दर गुरुवारी तशीच परत घरी नेत होते. सांगितलं आणि सरांनी दार लावलं तर? या ओठांचं मला शिकवणारं जगात दुसरं कुणी नव्हतं. मी स्वतःला म्हणायची, पन्नास डबे होऊ देत, मग सांगू. सत्तरीतही थापा मारायची हौस गेली नाही, फक्त आता स्वतःलाच मारत होते.

पाचव्या गुरुवारी बोलता बोलता लेस्ली अंकलचं नाव निघालं. सरांचा चेहरा ताठरला.

"त्यानं मला दारुडा म्हटलं, शालन. मी आयुष्यात थेंब घेतला नाही. 'ऑल्विन, आधी प्यायची सोड, मग उभा राहा.' एवढंच बोलला. विचारलं, कुणी सांगितलं? तर म्हणे, माझं मला दिसतं. लहानपणापासूनचा दोस्त! मी तोंड उघडून दाखवलं असतं की संपलं. पण असा संताप आला, म्हटलं मर. परत बोललो नाही. त्याच्या मातीलाही गेलो नाही."

म्हणजे लेस्ली अंकलनी माझं नाव सांगितलंच नव्हतं. एका पोरीची चहाडी स्वतःच्या अंगावर घेतली आणि दोस्त गमावून, तशीच घेऊन गेले.

समोरून मालगाडी चालली होती. ती संपेपर्यंत मी डबे मोजले. मग म्हटलं, "सर, मी सांगितलं होतं त्यांना. रुमाल बघून मला वाटलं... मला उभं राहायचं होतं."

आतून आयरीन चहा घेऊन आली, आमच्याकडे बघून कप तसेच ठेवून परत गेली.

"वाईट केलंस, शालन," ते म्हणाले.

"हो, सर."

"आज शिकवणी नाही."

मी पेटी उचलली. पुढचे दोन गुरुवार गेले नाही. रोज सकाळी कपाट उघडून गोधड्यांत लांब सूर धरायची, पण डबे मोजायला समोर गाडी नव्हती आणि 'तुटता नये' म्हणणारं कुणी नव्हतं. वाटलं, सूर मिळाला आणि माणूस गेला. केलेल्या कामाला साजेसंच झालं.

मग आयरीनचा फोन आला. "शालनताई, पप्पा विचारतात, तुमच्याकडे गाडी आहे का? नोव्हेंबरात आम्ही कबरींवर फुलं ठेवतो ना, त्या दिवशी त्यांना कॅम्पातल्या सिमेट्रीत जायचंय. लेस्ली अंकलकडे. आणि म्हणतात, तुमचं वाद्य घेऊन या."

माझ्या मुलानं गाडी काढली. सर पुढे बसले. सिमेट्रीत दुपारची गर्दी होती. माणसं कबरी धूत होती, मेणबत्त्या वाऱ्यानं विझत होत्या, लोक पुन्हा लावत होते. लेस्ली अंकलच्या कबरीवर त्यांच्या घरच्यांनी आधीच फुलं ठेवलेली. सर काठी टेकत तिथवर आले. मुलानं खुर्ची आणली होती, पण ते बसले नाहीत.

"लेस्ली," ते म्हणाले, "मी आलो रे. उशीर झाला." मग माझ्याकडे वळून, "सांग त्याला."

दगडाकडे बघत म्हटलं, "अंकल, मी सरांना सांगितलं. तुमच्या कानावर ते मीच घातलं होतं, हे."

"ऐकलंस?" सर दगडाला म्हणाले. "आणि तू, गाढवा, गप्प बसलास." त्यांनी खिशातून रुमाल काढून डोळे पुसले. "वाजव गो. सावकाश."

मी पाठ फिरवली नाही. सगळ्यांसमोर कवळी काढली, ब्लाउजमध्ये खोचली, ओठ आत घेतले आणि त्या दोघांच्या बँडची, नाच संपताना वाजायची ती संथ धून वाजवली. शेजारच्या कबरीवरची बाई मेणबत्ती हातात धरून वळून बघत राहिली. सरांनी तळहात दगडावर ठेवला होता. एक बोट ताल धरत होतं.

धून संपली. मी रीड पुसायला लागले.

"अजून एकदा," सर म्हणाले. "लेस्लीला पहिल्या खेपेला कधीच कळत नसे."